चमचाभर जवळा

भांडुप, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

उत्तरे,

तुला आजीचा आशीर्वाद. मी बोलते आहे आणि शेजारची विमला लिहिते आहे. अक्षर सुबक दिसलं तर ते तिचं, मधे एखादी शिवी सापडली तर ती माझी. ती गाळते, मी पुन्हा सांगते.

फोन बंद ठेवलास ते बरं केलंस. जबडा तारांनी शिवलेल्या बाईने फोनवर काय करायचं, हुंकार द्यायचे? पत्र वाचायला दात लागत नाहीत, म्हणून हा उद्योग. आणि तू गेलीस तरी कुठे, तर मनोरीला मैत्रिणीच्या घरी. माशाचं नाव काढलं की तोंड फिरवणारी माझी नात, आणि आता दोन्ही बाजूंना बोंबील वाळत घातलेल्या अंगणात बसून नळीने डाळीचं पाणी पिते आहे. मला हसू आलं. विमला म्हणते हे लिहू नका. लिही म्हटलं.

इथे सगळं ठीक. खिडकीची काच फुटली होती, ती बसवून घेतली. शनिवारी दुपारी चौघं आले होते, त्या मेलेल्या पोराच्या गल्लीतले. तुझं नाव घेऊन ओरडत होते, खाली ये म्हणत होते. एक वीट खिडकीतून आत आली ती थेट भाताच्या टोपात. भात सांडला, टोप चेपला. मी मासे कापायचा जुना कोयता घेतला आणि दारात उभी राहिले. म्हटलं, डॉक्टरीण घरात नाही, मी आहे. तीस वर्षं बाजारात बसून सुरमईची डोकी एका घावात उडवली आहेत, तुमची मापं बघून ठरवते. एक जण म्हणाला, म्हातारीला सोड रे. गेले. नंतर कोयता माझ्या मुठीतून सुटेना, विमलाने एकेक बोट सोडवून काढून घेतला. पण ते त्यांना दिसलं नाही ना, मग झालं.

तो व्हिडिओ मी पाहिला. तू पाहू नकोस. मी सात वेळा पाहिला. आधी काच जाते. मग टेबल उलटं होतं, कॉम्प्युटर जमिनीवर. तू हात वर करून काहीतरी समजावते आहेस. तो लाल शर्टवाला सलाईनचा लोखंडी स्टँड उचलतो आणि आडवा फिरवतो. ओल्या नारळावर कोयता पडतो तसा आवाज येतो, मोबाइलमधून सुद्धा. तू पडत नाहीस, खाली बसतेस, जणू काही हरवलं आहे ते शोधायला. मग ते लाथा घालायला लागतात. एक बाई तुझे केस धरून डोकं जमिनीवर आपटते आणि दर वेळी "माझा देवू, माझा देवू" म्हणते. शेवटी तो तुमचा वॉर्डबॉय, ज्याला सगळे भाऊ म्हणतात तो निवृत्तीला आलेला माणूस, तुझ्या अंगावर आडवा पडतो आणि उरलेल्या लाथा त्याच्या पाठीवर पडतात. व्हिडिओ काढणारा मात्र कसबी. एकदाही हात हलला नाही मेल्याचा.

लोक मला विचारतात काय झालं, आणि मी सांगते. तुझ्या ड्यूटीत दुपारी दोन वाजता देवव्रत नावाचा पोरगा आणला, मांडीत सुरा घुसलेला. त्याच वेळी नलिनी सिस्टरने तुझ्या डब्यातली भाजी खाल्ली आणि तिचा घसा सुजला, श्वास कोंडला. तू त्याला सोडून तिच्याकडे धावलीस. सिस्टर वाचली, पोरगा गेला. एवढंच मला माहीत आहे.

हॉस्पिटलात तू पाटीवर लिहून विचारलंस, भाजीत काय होतं. विमलाने मला वाचून दाखवलं. मी सांगितलं, वांगं, खोबरं, लसूण. तेच पुन्हा सांगते. वांगं, खोबरं, लसूण. त्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस. दुखत असेल म्हणून, असं मी धरून चालले आहे.

डाळीच्या पाण्यात तूप घालत जा.

तुझी आजी, सत्यभामा


भांडुप, शनिवार, १५ नोव्हेंबर

उत्तरे,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. तरी मी तीन दिवस पोस्टमनला जिन्यातच गाठते, त्याला वाटतं म्हातारी त्याच्या प्रेमात पडली.

हॉस्पिटलचा एक लखोटा आला आहे. विमलाने फोडला, रागावू नकोस. रुग्णाला अत्यवस्थ सोडून गेल्याबद्दल खुलासा मागितला आहे. आधी मेलवर पाठवला होता म्हणे, तू काही कळवलं नाहीस. एक डिसेंबरला चौकशी समिती बसणार. खुलासा आला नाही तर तुझी नोकरी जाईल, आणि पुढे तुझं डॉक्टरकीचं नाव सुद्धा कापलं जाऊ शकतं, असं विमला म्हणते. ती शाळेत क्लार्क होती, तिला असल्या भाषेचा अर्थ लागतो. का नाही लिहिलंस गं काही? हात तर धड आहेत तुझे.

गुरुवारी भाऊ आला होता. बरगड्यांना पट्टा बांधलेला, तरी तीन जिने चढून आला. तुझा डबा द्यायला. घासून, पुसून, झाकण लावून आणला. मी त्याला चहा दिला आणि तो बोलत बसला. तू मासे का सोडलेस ते त्याने मला सांगितलं. मला वाटलं होतं मला माहीत आहे.

मरोळच्या कारखान्यातला तो माणूस, रोलरमध्ये हात गेलेला. त्याचा हात वेगळा आणला होता. कारखान्याबाहेर मासे विकणाऱ्या बाईचा थर्माकोलचा डबा कोणीतरी उचलला होता, आत बर्फ, बर्फात हात. आधी पिशवीत घालायचा असतो हे कोणाला सुचलं नाही. सगळ्या हाताला खवले चिकटले होते, नखांत सुद्धा. भाऊ म्हणाला, मॅडम चिमट्याने एकेक खवला काढत बसल्या होत्या. मग वरून सर्जन आला, बघितलं आणि म्हणाला, हा आता जोडता येणार नाही. तरी मॅडम काढत राहिल्या.

आणि त्या संध्याकाळी तू घरी आल्यावर मी काय केलं? माझ्या थर्माकोलच्या डब्याचं झाकण उघडून तुझ्या तोंडासमोर सुरमई धरली. बघ, डोळा कसा चकाकतो, असं म्हटलं. तू न जेवता आत गेलीस. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी समजले, पोर डॉक्टरीण झाली, आता मासेवाल्या आजीची घाण वाटते. वर्षभर मी तेच समजत राहिले. विमलाला पण तसंच सांगितलं. गवत खाते म्हणून तुला चिडवलं, पाहुण्यांसमोर. तू हसायचीस.

काल नलिनीचा नवरा आला, दशरथ. सिस्टर घरी आली आहे, आवाज घोगरा झाला आहे पण जिवंत आहे. फार सभ्य माणूस, दारातच उभा राहिला. म्हणाला, आजी, नलिनीला कोलंबी, जवळा, खेकडा, काहीच चालत नाही. त्या दिवशी तिची डबल ड्यूटी होती, डबा नव्हता. डॉक्टरांनी स्वतःचा पुढे केला, म्हणाल्या, माझा शाकाहारी आहे, बिनधास्त खा. दोन घास खाल्ले आणि असं झालं. भाजीत चुकून काही पडलं तर नव्हतं ना?

मी म्हटलं, माझ्या घरात वर्षभर मासळी शिजलेली नाही.

त्याचा चेहरा पडला. म्हणाला, विचारलं याबद्दल माफ करा, तुमची नात नसती तर नलिनी आज नसती. आणि खाली वाकून माझ्या पाया पडला.

आज एवढंच. विमलाचा हात दुखतो आहे.

सत्यभामा


भांडुप, शुक्रवार, २१ नोव्हेंबर

उत्तरे,

सहा दिवस मी काही बोलले नाही. विमला रोज वही घेऊन यायची, मी गुडघे दुखतात म्हणायचे. आज तिला म्हटलं, बस, लिही, आणि मधे थांबू नकोस. थांबलीस तर माझ्याने पुन्हा होणार नाही.

भाजीत जवळा होता.

सुका जवळा, ती बारीक कोलंबी, तव्यावर भाजून, वाटून, बाटलीत भरून ठेवला होता मी. बाटलीवर काही लिहायचा प्रश्नच नव्हता, मला काय वाचता येतं? मसाल्यांच्या मागे असायची. रोज तुझ्या भाजीत एक चमचा. वांगं असो, दुधी असो, भोपळा असो. कोरोनाच्या ड्यूटीपासून तुझं नाक गेलं आहे, तुला वासच येत नाही. जिभेला तिखट आणि खारट एवढंच कळतं. मला ते माहीत होतं. लसूण जास्त घातला की झालं.

जूनपासून. पाच महिने.

तू म्हणशील, माझ्या काळजीने केलंस. तसंच सांगणार होते मी. तू काटकी झाली होतीस, बारा बारा तास उभी, डब्यातलं अर्धं परत आणायचीस, जूनमध्ये एकदा चक्कर येऊन मोरीत पडलीस. हे सगळं खरं आहे, आणि समितीपुढे म्हणायला सोयीचं आहे. पण तुझ्याशी खरं बोलायचं तर ते नाही. तू समोर बसून जेवायचीस आणि म्हणायचीस, आजी, बघ, मासे नसले तरी भाजीला किती चव येते. आणि मी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसायचे. मला ते आवडायचं उत्तरे. मला वाटायचं, मी जिंकले.

हे त्या चमच्यात होतं. जवळा नंतर.

उत्तरा, इथपर्यंत मी लिहिलं. तुला माहीत आहे, शनिवारी मी आजींकडे जेवायचे. श्रावणातही जेवले, त्यांच्या दुधीचं कौतुक केलं. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. आता माझ्याच्याने लिहवत नाही. – विमला


रविवार, २३ नोव्हेंबर

उत्तरे,

विमला दोन दिवस आली नाही. आज आली, पण पाणी सुद्धा घरून बाटलीत घेऊन आली आहे. बसली आहे लांब, पंख्याखाली. मी तिला म्हटलं, तुझ्या पापाचा हिशेब वर माझ्या नावावर लागेल, तू नुसतं लिही.  तिने पेन उघडलं.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता भाऊचा फोन आला होता, तुला मारलं म्हणून. मी चप्पल घालायच्या आधी काय केलं सांगू? बाटली मोरीत ओतली. पाणी सोडलं, फिनेल टाकलं. तुझा जबडा मोडून तू जमिनीवर पडली होतीस आणि मी मोरी धूत होते. कारण भाऊ म्हणाला होता, आधी नलिनी सिस्टरला काहीतरी झालं, डब्यातलं खाऊन. मला तिथल्या तिथे कळलं. मग रिक्षात बसून रडत आले. रडणं खरं होतं, पण मोरी आधी धुतली होती.

आणि आज मला आणखी एक कळलं आहे. तू खुलासा का पाठवत नाहीस ते. तू लिहायचं म्हटलंस तर लिहावं लागेल की सिस्टरला माझ्या डब्यातून विषबाधा झाली, डबा घरचा होता, घरी आजी स्वयंपाक करते. मग त्या पोराचे लोक माझ्यावर उठतील. म्हणून तू मान खाली घालून बसली आहेस, नोकरी गेली तरी चालेल म्हणतेस. तू पाटीवर लिहिलंस तेव्हाच तुला माहीत होतं ना? मी वांगं, खोबरं, लसूण म्हटलं, आणि तू भिंतीकडे वळलीस. जबडा दुखत नव्हता.

मला वाचवू नकोस गो बाय. शहात्तर वर्षांची झाले, वाचवून ठेवायचं काय आहे त्यात?

एक तारखेला मी जाणार. विमला म्हणते ती येणार नाही. बघू.

सत्यभामा


भांडुप, मंगळवार, २ डिसेंबर

उत्तरे,

विमला आली. रिक्षात तिने माझ्याकडे पाठ करून बसायचा प्रयत्न केला, पण रिक्षात ते जमत नाही.

घाटकोपरला तुमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिघं डॉक्टर होते, मधे एक बाई, केस पांढरे, मला तोलून बघणारी. बाजूला दशरथ बसला होता, नलिनीचा लेखी जबाब घेऊन. मी नाव सांगितलं, कोण ते सांगितलं, आणि मग जवळ्याचं सगळं सांगितलं. जून, बाटली, चमचा, मोरी. 

बाई म्हणाल्या, "हे सांगायला तुम्हाला डॉक्टरांनी पाठवलं का?"

मी म्हटलं, "तिने पाठवलं असतं तर मी खोटं सांगितलं असतं. मला त्याचीच सवय आहे."

दशरथ उठला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. माझ्या पाया पडला होता तो माणूस. ते आता त्याला परत घेता येणार नाही.

त्यांनी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी अंगठा दिला. बाई म्हणाल्या, सिस्टरचा घसा बंद होत होता, तिच्याकडे चार मिनिटं सुद्धा नव्हती. त्या ठिकाणी कोणताही डॉक्टर तिच्याकडेच गेला असता, तसं आम्ही लिहू. तुझी नोकरी राहील. सात मिनिटांनी तू त्या पोराकडे परत आली होतीस, ते कॅमेऱ्यात दिसतं आहे. मी उठताना विचारलं, ती सात मिनिटं मिळाली असती तर तो वाचला असता का? बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सांगता येत नाही.

बाहेर बाकावर त्या देवव्रतचा बाप बसला होता. चंद्रप्रकाश नाव. त्यालाही जबाबाला बोलावलं होतं. लाल शर्टवाला त्याचा धाकटा भाऊ, तो तुरुंगात आहे. विमला मला दंडाला धरून जिन्याकडे ओढत होती. मी तिचा हात सोडवला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आत एकदा बोलून झालं होतं, वाटलं दुसऱ्यांदा सोपं जाईल. नाही गेलं. तरी बोलले. तुमच्या मुलाकडे डॉक्टर सात मिनिटं नव्हती, ते तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

तो ऐकत होता. पूर्ण ऐकलं. मग उठला आणि मला मारलं.

उघड्या पंजाने, पण जोर सगळा लावून. माझा चष्मा भिंतीपर्यंत गेला. तोंडात रक्ताची चव आली, जिभेला दात लागला, सुटा. विमला किंचाळली. वॉचमन धावत आला, त्याने त्याचा हात पाठीमागे पिरगाळला, त्याला भिंतीवर दाबला, कानशिलाखाली दोन लगावल्या. मी म्हटलं, सोड त्याला. मी तक्रार करणार नाही. वॉचमन म्हणाला, आजी, डोकं फिरलंय का तुमचं? सोड म्हटलं. त्याने सोडलं.

मी बाकावर बसले. तोही बसला, माझ्याच शेजारी, दुसरं बाकडं नव्हतं तिथे. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याचा फोटो बघत होतो.  मग तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

म्हणाला, "मी दाराच्या काचेतून बघत होतो. डॉक्टरीण सिस्टरकडून परत आली तेव्हा देवू शुद्धीवर होता. ती त्याची मांडी दाबून धरून वाकली होती, तिचा कान त्याच्या तोंडाशी होता. त्याचे ओठ हलत होते. त्याने काय सांगितलं?"

मला माहीत नाही म्हटलं. तो म्हणाला, पोलिसांना विचारलं, सिस्टरला विचारलं, त्या भाऊला विचारलं. कोणालाच माहीत नाही. घरी त्याची आई रोज विचारते. तिनेच डॉक्टरणीचे केस धरले होते, आता ती विचारते, तिला विचारून या.

उत्तरे, ज्या तोंडाने ते सांगता आलं असतं ते त्याच्याच भावाने मोडलं. हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तुला माहीत आहे मी असलं सोडत नाही. मी ते गिळलं, दातासकट गिळलं असतं म्हण ना.

तर आता मला पत्र लिहू नकोस. मी तुला तोंड दाखवायच्या लायकीची नाही, आणि सध्या दाखवण्यासारखं ते राहिलंही नाही, डावा गाल टोपासारखा सुजला आहे. तुझे कपडे आणि पुस्तकं हवी असतील तर भाऊ आणून देईल. तारा निघाल्यावर कुठे राहायचं ते तू ठरव.

पण त्या चंद्रप्रकाशला लिही. तुझे हात धड आहेत. पाणी मागितलं असेल, आईला हाक मारली असेल, शिवी दिली असेल, मारणाऱ्याचं नाव सांगितलं असेल, जे ऐकलंस ते लिही. काहीच कळलं नसेल तर कळलं नाही असं लिही. त्याला बरं वाटावं म्हणून बनवून काही लिहू नकोस. आपल्या घरात ते मी पुष्कळ केलं आहे.

पत्ता त्याने स्वतः सांगितला. विमलाने खाली लिहिला आहे आणि मला दोनदा वाचून दाखवला आहे.

सत्यभामा